वाट पाहायचा सण

हातपाय धुऊन मी ओसरीत आले आणि ओरडलेच. माझ्या चारही मेणबत्त्या पेटलेल्या! त्यांच्यापुढे एक उंच, सावळा तरुण काडेपेटी धरून उभा, एका हातात मासोळीची पिशवी... आणि चेहऱ्यावर केवढं पुण्य केल्याचं हसू!

"हे काय केलंत, भाऊ?"

"वाऱ्यानं तीन इझल्या होत्या नं, मॅडम. लावून देल्या."

मी कपाळाला हात लावला. करडी गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून मी पावसाळ्यात आले. घर वसईला. गावात ख्रिस्ती मी एकटीच, त्यामुळे नाताळाआधीचा आगमनकाळही एकटीनेच पाळायचा होता. हिरव्या पानांचं कडं करून त्यात मी मेणबत्त्या रोवल्या होत्या. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारही. आज तर पहिलाच रविवार. हे सगळं मी त्याला जरा तणतणतच सांगितलं.

"म्हंजे हा वाट पाहाचा सण हाय?"

"हो."

त्याने पिशवी खाली ठेवली. वाटलं, आता फुंकर मारणार. पण नाही! एक सोडून बाकीची एकेक वात बोटांच्या चिमटीत धरून त्याने अलगद विझवली. "आमच्यात दिवा फुकत नाईत," म्हणाला. बोटं भाजली असणार, पण चेहऱ्यावर दाखवेल तर शपथ.

"अन्... मले भाऊ नोका म्हणू."

"का बरं?"

"असंच."

तो प्रीतम. तळ्यावर मासे धरणाऱ्या घरचा.

दुसऱ्या रविवारी मी मागवली नसताना मासोळी आली.

"पहिली आशेची, दुसरी शांतीची, तिसरी आनंदाची," मी सांगितलं.

"अन् चौथी?"

"ते चौथ्या रविवारी."

"नोका सांगू. मोबाइलवर पाह्यलं मीनं," तो म्हणाला आणि एकदम दुसरीकडेच बघायला लागला. चौथी प्रेमाची असते. माझे कान तापले.

आवडायचाच तो मला, लपवायचं कशाला? सकाळच्या थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो जाळं फेकायचा, तेव्हा मी लसींचा डबा खांद्याला लावून काठावर उगाच रेंगाळायचे. गावातल्या म्हाताऱ्यांना गाडीवर बसवून उपकेंद्रात आणायचा, आणि त्यांची तपासणी होईपर्यंत त्यांच्याशी थट्टा करत थांबायचा. इतका निवांत, इतका भला माणूस मी पाहिला नव्हता.

पण वसईत घराजवळच्या दवाखान्यात माझ्यासाठी एक जागा होती. नाताळाआधी होकार कळव, म्हणून आई मागे लागली होती. प्रीतमला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "घर ते घर असते, मॅडम."

तिसऱ्या रविवारी तो आला नाही. आली त्याची आई, सखाबाई. मेणबत्त्यांना हात जोडून माझ्या शेजारी बसली.

"गुडघा दुखतोय का, मावशी?"

"गुडघा बरा हाय, माय. एकटी पोरगी देवाची वाट पाहून राहिली... संगतीले कोणी नाई पाह्यजे का?"

मला रडूच फुटलं. ती नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

चौथ्या रविवारी प्रीतम दारात आला आणि नेमका तेव्हाच आईचा फोन वाजला.

"रीना, काय ठरलं तुझं? त्यांना आजच सांगायचंय."

मी फोनवर हात ठेवला. "थांबू का मी?" त्याला विचारलं.

"मी थांबा म्हणलो तं थांबसान... अन् उद्या घरची याद आली तं?" त्याने मान खाली घातली. "तुमचं तुमीच ठरवा. पण – मले तुमी आवडता. लपवून काय फायदा?"

मी फोन कानाला लावला.

"आई, मले नाही यायचं."

प्रीतम डोळे विस्फारून माझ्याकडे बघतोय.

"काय म्हणालीस?" आई म्हणाली. "मले?"

मी जीभ चावली.

आई हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज ओला झाला.

"कोण आहे गं तो?"