तलावावरची तक्रार

"कॉपीराइटची तिसरी स्ट्राइक आली की चॅनेलच उडते, देवश्रीताई!" दीक्षा मेश्राम तणतणत होती. "अन् हे लोक म्हणतात, व्हिडिओ काढून टाक, मंग तक्रार मागे घेतो. मी काहून काढू? शूटिंग माझं आहे!"

देवश्री रायपूरच्या समता कॉलनीत खाजगी तपासाचं काम करत असे. पुरानी बस्तीतला तलाव एक बिल्डर मुरूम टाकून बुजवत होता, हे दीक्षाने आपल्या चॅनेलवरच्या व्हिडिओत दाखवलं होतं. आता 'असली रायपूर' नावाचं चॅनेल तोच व्हिडिओ आपला म्हणत होतं.

"त्यांची तारीख हिच्या आधीची आहे," देवश्रीचा सहकारी शिशिर म्हणाला. "प्लॅटफॉर्म त्यांचंच ऐकणार."

देवश्रीने दोन्ही व्हिडिओ पाहिले. निवेदन एकच, दीक्षाच्या आवाजातलं. पण त्यांच्या व्हिडिओच्या शेवटी दीक्षाची आई मीराबाई डंपरवर चप्पल उगारत होती.

"तुझ्यात हे नाही?"

"होतं. हिंसेच्या नियमात अडकू नये म्हणून टाकायच्या आधी घरी मोबाइलवर मीच कापलं."

तिघं ब्राह्मणपाऱ्यात प्रफुल्लकडे गेली. एडिटिंग त्याचं होतं.

"मी नुसतं चित्र जोडून दिलं," तो म्हणाला. "आवाज तिनं नीलभैयाच्या स्टुडिओत भरला, तिथंच चित्राला लावला. मी तं तो आवाज चॅनेलवरच ऐकला."

"हव," दीक्षाने मान डोलावली.

तिथून ती नीलच्या स्टुडिओत पोचली. नीलचं स्वतःचं मोठं चॅनेल होतं. तो हसतच पुढे आला. "दीदी, मैंने तो वीडियो सबके साथ दीक्षा के चैनल पर ही देखा. अम्मा की चप्पल वाला शॉट, क्या बात है!"

शिशिर कुजबुजला, "कच्चं शूटिंग प्रफुल्लकडे होतं. तोच असणार."

"नाही," देवश्री मोठ्याने म्हणाली. "प्रफुल्लकडे चप्पल होती, आवाज नव्हता. दीक्षाने जगाला जो व्हिडिओ दाखवला त्यात आवाज होता, चप्पल नव्हती. चोरलेल्या व्हिडिओत दोन्ही आहेत. दीक्षाचा मोबाइल सोडला, तर ती दोन्ही एकत्र फक्त या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर होती. आणि नील, कापलेला शॉट तू दीक्षाच्या चॅनेलवर पाहिलास कसा?"

नीलचं हसू विरलं.

"तूच तो व्हिडिओ दीक्षाच्या आधी त्या चॅनेलवर टाकलास, म्हणून तारीख त्यांची आधीची. कोणासाठी?"

"बिल्डर के लिए, वो चैनल उसी का है," नील खाली बघत म्हणाला. मग एकदम ताठ झाला. "उत्तर भेजोगी तो असली नाम-पता लिखना पड़ेगा, दीक्षा. वो सीधा उसके पास जाएगा. सोच लो."

ते खरं होतं. प्लॅटफॉर्मचा नियमच तसा होता: तक्रारीला उत्तर म्हणून प्रतिदावा केला की नाव-पत्ता तक्रारदाराला कळतो. शिशिरने काळजीने दीक्षाकडे पाहिलं.

दीक्षाने तिथेच फोनवर प्रतिदाव्याचा अर्ज उघडला, मूळ शूटिंग जोडलं आणि पूर्ण नाव टाइप केलं.

"दीक्षा मेश्राम, पुरानी बस्ती, तलावासमोर," ती मोठ्याने म्हणाली. "सांग त्याले, घरीच भेटन मी."

आणि तिने बटण दाबलं.