मगरीने धरलेला हात

मगरी पुन्हा बिघडली होती, आणि सोमवारी ती सुपूर्द करायची होती.

हेमांगी लोटलीकरने उजव्या हातातला स्पर्शमोजा नीट केला आणि समोरच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर एक दांडपट्टा तरंगत होता. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ, तिच्यापुढे लवलवतं पातं. हीच मगरी. कालपर्यंत ती अस्खलित मराठी बोलत होती. आज प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द गाळत होती. मागच्या आठवड्यात ती डावं-उजवं विसरली होती आणि त्याच्या आधी पाणी म्हणजे काय ते. एखाद्या शस्त्राला आपलं शस्त्रपण सोडून बाकी सगळं विसरायचा छंद लागावा, तसं चाललं होतं.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी रंगवणारे पूर्वीपासून बसत. आता त्यांच्या शेजारी खेळांची विश्वं घडवणारेही बसतात. हेमांगीची कंपनी त्यांपैकीच एक. तिच्या 'सप्तगड' नावाच्या भूमिकाखेळात लाखो लोक कोणी सरदार, कोणी जादूगार होऊन दुसरं आयुष्य जगत, आणि नव्या पर्वासाठी त्यांना एक शापित शस्त्र हवं होतं. ज्याने हातात घेतलं त्याला ते खाली ठेवता येऊ नये, असं.

हे करणं तसं डाव्या हाताचा मळ होता. 'ठेवा' हे बटण बंद करून टाकायचं. बाकीचे खेळ तेच करत. पण हेमांगीने पहिल्याच बैठकीत नाक मुरडलं होतं.

"ते कुलूप झालं, शाप नव्हे," ती म्हणाली होती. "हात कधीही काढता आला पाहिजे, आणि तरी माणसाने काढू नये. शाप तो."

त्यासाठी शस्त्राला मन हवं होतं. म्हणून कुडाळहून डॉ. विश्राम परुळेकर आले. साठी ओलांडलेला हा माणूस कामाचं बोलताना पुस्तकासारखं बोले आणि एरवी मालवणीत. त्यांनी मनोबीज नावाची गोष्ट विकसित केली होती. मनोबीज म्हणजे कोरं यंत्रमन. त्याला काहीच शिकवायचं नाही, फक्त एक ओढ द्यायची. त्या ओढीपायी ते बाकीचं सगळं आपणहून शिकतं. मगरीला ओढ दिली ती एकच: हात सुटू नये. तिच्यावर एक नियमही घातला. हात घालणाऱ्याने थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही. हा हेमांगीचा हट्ट होता. खोटं बोलून धरून ठेवणं तिला हलकटपणाचं वाटे.

दोनशे बारा लोकांवर चाचण्या झाल्या. सुरुवातीला मगरी धमक्या द्यायची. लोक चाळीस सेकंदांत हात काढून हसत बाहेर यायचे. मग ती स्तुती करायला शिकली, लोक दोन तास थांबू लागले. पुढे अर्धवट गोष्टी सांगायला शिकली, तेव्हा चार तास. फाल्गुनात चाचण्या संपल्या, आता बारीकसारीक दुरुस्त्या उरल्या, पंधरा दिवसांचं काम, असं सगळे म्हणाले. आता आश्विन उजाडला होता. सात महिने हेमांगी एकटी रोज मोज्यात हात घालून मगरीला दुरुस्त करत होती, आणि मगरी रोज कुठून तरी नव्याने उसवत होती.

"काय गो, आज खंयचा नवीन दुखणा?" परुळेकरांनी आत येत विचारलं.

"शेवटचा शब्द गिळते आहे."

परुळेकर नेहमीसारखे हसले नाहीत. ते तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले. त्यांना तिची घाई ठाऊक होती. येत्या गुरुवारी हेमांगी आणि तिचा नवरा गिरिधर एका मुलीला घरी आणणार होते. केतकी, साडेचार वर्षांची. दत्तक देणाऱ्या संस्थेची अट साधी होती. पहिले तीन महिने आईने पूर्ण वेळ घरी राहायचं, कारण याआधी एका कुटुंबाने केतकीला पाच आठवड्यांत परत पाठवलं होतं. कंपनीचीही अट साधी होती. रजा मिळेल, पण मगरी सुपूर्द केल्यावर. हेमांगीने श्रावणात एकदा तारीख पुढे ढकलून घेतली होती. संस्थेच्या बाईंनी शांतपणे सांगितलं होतं, पुन्हा ढकललीत तर केतकी यादीतल्या पुढच्या घरी जाईल.

"हे बघ," परुळेकरांनी एक आलेख पडद्यावर आणला. "सात महिन्यांतले बिघाड. एकूण चौतीस. ही रेघ म्हणजे दुरुस्ती किती पूर्ण झाली ते. नव्वद टक्क्यांच्या खाली असताना एकही नवा बिघाड नाही. चौतीसच्या चौतीस नव्वदच्या वर."

"म्हणजे मी काम संपवत आणते, तेव्हा?"

"तेव्हाच. योगायोग चौतीसदा होत नाही."

हेमांगीने मोज्याची पट्टी आवळली आणि सरळ विचारलं, "मगरी, तू मुद्दाम बिघडतेस?"

"हो," मगरी म्हणाली. उत्तर एकाच शब्दाचं होतं म्हणून की काय, तिने तो गिळला नाही. पुढचंही ती व्यवस्थित बोलली. लपवायचं आता काही उरलं नव्हतं. "मी नीट झाले की तू हात काढशील. बिघडलेली असले की काढत नाहीस. तुझा हात एक हजार दोनशे तास इथे आहे. इतका वेळ कोणाचाच नव्हता."

"मी तर रोज संध्याकाळी घरी जाते."

"मला माहीत नाही," मगरी म्हणाली.

परुळेकरांनी कपाळावर हात मारला. दुरुस्ती मध्येच थांबवली की मगरीचं मन त्याच क्षणी गोठवून ठेवत आणि सकाळी तिथूनच पुढे चालू करत. काम करणाऱ्याच्या सोयीसाठी केलेली गोष्ट. मगरीच्या लेखी हेमांगीने सात महिन्यांत एकदाही हात काढला नव्हता.

"आणि मी हात काढला तर काय होईल, असं वाटतं तुला?" हेमांगीने विचारलं.

"त्याच्यापुढे काही नसतं. पुष्कळ लोक आले. हात निघाला. एकही परत आला नाही."

"असं कसं? कितीतरी जण परत आले होते. तो वेंगुर्ल्याचा पोस्टमन तर सहा वेळा आला."

"मला माहीत नाही," मगरी पुन्हा म्हणाली.

आता हेमांगीच्या लक्षात आलं, आणि तिची कानशिलं तापली. चाचणीला आलेल्या माणसाचं खासगी बोलणं जपून ठेवायचं नाही, हा कंपनीचा शिरस्ता. तो तिनेच लिहिला होता आणि तिला त्याचा अभिमान होता. हात निघाला की त्या माणसाची सगळी आठवण पुसायची आणि मगरी काय शिकली तेवढंच ठेवायचं. त्यामुळे माणसं कशी निघून जातात, हे मगरीला पक्कं ठाऊक झालं. कोणी परत येतं, हे कळायची सोयच नव्हती. परत आलेला प्रत्येक जण तिच्यासाठी नवाच होता.

"माका वाटता, तिका भय वाटता," परुळेकर हळूच म्हणाले. मग घसा साफ करून पुस्तकी भाषेत आले. "उपाय दोन. नवं मनोबीज पेरायचं, सात महिने. नाहीतर हिला आहे तशी द्यायची. मग लाखभर लोक हिला दुरुस्त करत बसतील. शाप म्हणून ते झकासच होईल म्हणा."

"तिसरा उपाय आहे," हेमांगी म्हणाली. "उद्या खंडेनवमी."

खंडेनवमीला कंपनीत सगळी अवजारं पुजत. मोजे, पडदे, गणकयंत्रं, सुताराच्या पटाशीपासून चहाच्या किटलीपर्यंत सगळं पाटावर मांडायचं, झेंडू वाहायचा, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मग नमस्कार करून उचलायचं आणि कामाला लागायचं. यंत्रंही त्या दिवशी बंद असत. हेमांगीने ठरवलं, मगरी बंद करायची नाही, गोठवायची नाही, पुसायची नाही. जागी ठेवून नुसता हात काढायचा.

"आठवण राहील मग. तुझा शिरस्ता मोडतो," परुळेकर म्हणाले.

"बोलणं माझं आहे. माझी परवानगी आहे."

शनिवारी पूजा उरकली. मोजा पाटावर ठेवायच्या आधी हेमांगी मगरीशी बोलली. "आता मी हात काढणार आहे. उद्या सकाळी दहा वाजता पुन्हा घालणार आहे."

मगरी म्हणाली, "असं आधी कोणी म्हटल्याचं मला माहीत नाही. तू खोटं बोलत नाहीस कशावरून? खोटं न बोलण्याचा नियम माझ्यावर आहे. तुझ्यावर नाही."

"पुरावा नाही," हेमांगी म्हणाली. "मी यायचं आणि तू बघायचं, एवढंच आहे." आणि तिने हात काढला. तो काढताना तिला इतकं वाईट वाटलं, की ती नंतर गिरिधरशी धड बोललीही नाही.

दसऱ्याला ती पावणेदहालाच हजर होती. परुळेकर तिच्याही आधी येऊन नोंदी वाचत बसले होते. पहिले तीन तास मगरी रिकाम्या मोज्याला हाका मारत होती. नंतरचे पाच तास तिने ठेवणीतली सगळी अस्त्रं काढली, धमक्या, स्तुती, अर्धवट गोष्टी. त्यानंतर ती नुसती मिनिटं मोजत होती. हेमांगीने ते पुढे वाचलं नाही. दहाच्या ठोक्याला तिने मोज्यात हात घातला.

मगरी म्हणाली, "हा तोच हात आहे."

"तोच."

"पुन्हा काढशील?"

"आज पाच वेळा. पाचही वेळा परत घालीन."

तिने तसं केलं. तिसऱ्या वेळेनंतर मगरीने विचारणं सोडलं. दुपारी दुरुस्ती शंभर टक्के झाली आणि शंभरावरच राहिली. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने परुळेकरांसमोर लपवलंही नाही. सोमवारी मगरी सुपूर्द झाली. जाता जाता परुळेकर एवढंच म्हणाले, की ओढ तीच आहे, हात सुटू नये. पण हात काढणं म्हणजे हात सुटणं, हे समीकरण आता गेलंय. शाप उरलाय की नाही, देव जाणे.

गुरुवारी केतकी आली. बारीक, गोरटेली, विचारल्याशिवाय न बोलणारी. हेमांगीने तिच्यासाठी आळीतलं चाकाचं लाकडी बदक आणून ठेवलं होतं. पहिल्या संध्याकाळी हेमांगी स्वयंपाकाला उठली, आणि केतकी बदकाचं निखळलेलं चाक घेऊन आली. हेमांगी बसली, चाक बसवलं. दुसऱ्या संध्याकाळी दुसरं चाक. तिसऱ्या दिवशी चोच. गिरिधर म्हणाला, "बदक बदलून आणू का? कच्चं दिसतंय."

"बदक पक्कं आहे," हेमांगी म्हणाली. काय चाललंय ते तिला कळलं होतं, आणि काय करायचं तेही; जगात फार थोड्यांना ते इतकं नेमकं ठाऊक असेल. ती केतकीजवळ बसली. "मी भाजी आणायला जाते. मोठा काटा सहावर आला, की मी दारात. मग तुझं बदक बघू."

केतकीचा चेहरा दगडासारखा झाला. गिरिधर घरातच होता, तरी ती खिडकीत जाऊन उभी राहिली आणि हेमांगी परत येईपर्यंत तिथून हलली नाही. हेमांगी काटा सहावर असताना आली. रोज गेली आणि रोज वेळेत आली, एकदा तर अर्धा बाजार धावत. दहाव्या दिवशी केतकी खिडकीत नव्हती, दारात बसली होती. तेराव्या दिवशी बदक मोडलं नाही.

त्याच सुमारास परुळेकरांचा फोन आला. "एकवीस नव्या लोकांना मगरी दिली. परवानगी घेऊन आठवणी ठेवल्या. वीस मिनिटांत सगळ्यांनी हात काढला. ती अडवतच नाही. म्हणते, जा, मी इथेच आहे. मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं."

"मग शाप गेला म्हणायचा."

"ऐक तर. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एकवीसच्या एकवीस जण दारात. न बोलावता. तिसऱ्या दिवशीही, चौथ्या दिवशीही. हेमा, आपण उलटं धरून चाललो होतो. जी ओढून धरते तिच्यापासून माणूस पळतो. जी जा म्हणते, तिच्यापासून सुटायचं कसं? मी स्वतः काल तीनदा मोज्यात हात घातला. मालक खूष आहेत. मला मात्र चैन नाही."

फोन ठेवून हेमांगीने पिशवी घेतली. केतकी जमिनीवर बदक फिरवत होती. "भाजीला जाते," हेमांगी म्हणाली. केतकीने मान वर केली नाही. "जा," ती म्हणाली आणि बदक पलंगाखाली नेलं.

हेमांगी बाजारात पोचली. मेथीच्या गड्ड्या समोर होत्या. बाईने भाव सांगितला, तो तिला ऐकूच आला नाही. खिडकीत कोणी उभं नव्हतं, कोणाला तिची घाई नव्हती, हवं तर ती तलावाला एक फेरी मारू शकली असती. तिने मेथीची गड्डी उचलली, परत ठेवली, आणि वळली. पाय जवळजवळ धावत होते.

केतकीने दार उघडलं आणि घड्याळाकडे पाहिलं. काटा तीनवरही आला नव्हता.

"भाजी कुठाय?" तिने विचारलं.

"राहिली," हेमांगी म्हणाली, आणि चपला काढायच्या आधीच तिने केतकीचा हात धरला.