जब्बारचा मास्क

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये देवापुढची चांदीची निरांजनं काळी पडायला लागली ती मार्चमध्ये. कुसुमने आधी पावडर बदलली, मग दुकान. नवरा बदलायची सोय नव्हती.

"अहो, सकाळी घासलेली दुपारी काळी. तुम्ही इंजिनिअर ना?"

होतो. नैसर्गिक वायूतला विषारी हायड्रोजन सल्फाइड काढून टाकायच्या प्लँटवर मी शिफ्ट इन्चार्ज होतो. उंच टॉवरमध्ये खालून वायू सोडायचा, वरून अमाइनचं द्रावण. ते विष शोषून घेतं. गळती असली की सडक्या अंड्यांचा वास येतो, चांदी काळवंडते. गळती फार झाली तर वास येणंच बंद होतं आणि माणूस कोसळतो.

तसा आमच्या प्लँटवरचा जब्बार कोसळला आणि गेला. कसबा पेठेतला, माझ्या शब्दावर नोकरीला लागलेला. सारखा वाजतो म्हणून गळतीचा अलार्म मीच बंद करून ठेवला होता. मास्क स्टोअरमध्ये कुलपात. "जा रे, दोन मिनिटांचं काम आहे," म्हणून त्याला व्हॉल्व्हवर पाठवलं. अहवालात मात्र लिहिलं, सांगूनही मास्क लावला नाही. अठरा वर्षं झाली. लाज वाटते, रोज वाटते. कुसुमलाही मी हे कधी सांगितलेलं नाही.

मी घरभर गळती तपासायच्या कागदी पट्ट्या ओल्या करून टांगल्या. हा वायू लागला की त्या काळ्या पडतात. आठ दिवस सगळ्या पांढऱ्याच राहिल्या. वासही नव्हता. कुसुमच्या पायातली जोडवी मात्र काळी पडली.

नवव्या दिवशी पट्ट्या जागेवर नव्हत्या. कुसुमने काढल्या असतील असं मी धरून चाललो.

पुढच्या आठवड्यात दुपारी परवीन आली, जब्बारची बायको. चहाला तिने हात लावला नाही.

"साहेब, मुलगी विचारते. अब्बांचीच चूक होती का?"

कुसुम शेजारी बसली होती.

"हो," मी म्हणालो. "मास्क लाव म्हणून मी बजावलं होतं."

परवीनने पर्समधून कागदी पट्ट्या काढल्या आणि टीपॉयवर ओळीने मांडल्या.

"या पोस्टाने आल्या. तुम्हीच पाठवल्यात ना?"

अक्षर माझं होतं. शाई नव्हती. कागदच काळा पडून शब्द उमटले होते. अलार्म, व्हॉल्व्ह, स्टोअरचं कुलूप, सगळं.

"मी नाही पाठवल्या."

"शेवटची वाचा."

कुसुमने ती घेतली आणि मोठ्याने वाचली.

"परवीन विचारायला येईल. कुसुमसमोर मी पुन्हा खोटंच सांगेन."