डावीकडे कोण जातं?

"खुर्च्या बदला आणि शेजाऱ्याचा गेम खेळून बघा," गेम बनवायला शिकवणाऱ्या क्लासच्या बाई म्हणाल्या, आणि तिच्या खुर्चीत येऊन बसला तो शेजारचा चष्मेवाला.

दिवसभर दाताच्या दवाखान्यात फोनवर गोड गोड बोलून उरलेल्या जिवाने तिने तो पहिलावहिला गेम उभा केला होता. लाल फ्रॉकातली मुलगी उजवीकडे धावते, खड्डे चुकवते, झेंड्याशी पोचते, बस्स! आणि या गृहस्थाने पहिलंच बटण दाबलं ते डावीकडचं. मुलगी जमिनीच्या कडेवरून खाली पडली... आणि पडतच राहिली.

"अहो, डावीकडे कोण जातं?" ती कडाडली.

"मी," तो शांतपणे म्हणाला. "लिफ्ट दुरुस्त करतो. आधी कुठून पडता येतं ते बघायची सवय आहे."

"हा गेम आहे, लिफ्ट नाही!"

"पण पडली की नाही?"

पडली होती, म्हणूनच तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात बाईंनी झापलं तेही तिलाच! "दुसरा खेळत असताना बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. लोकांच्या घरी समजवायला जाणार आहेस का? शेवटच्या दिवशी जो बोलेल, त्याचा गेम क्लासच्या प्रदर्शनातून बाद."

तिने डावीकडे भिंत बांधली. पुढच्या वेळी हा पठ्ठ्या भिंतीवरून उडी मारून पलीकडे पडला! ती दातओठ खात गप्प बसायची आणि क्लास सुटला की जिन्यात सगळं व्याजासकट काढायची.

"मुद्दाम करतोस ना?"

"चिडलीस की तुझं नाक लाल होतं..." तो म्हणायचा.

"मग? तुझ्या काय बापाचं जातं?"

एकदा बाहेर पावसाची भुरभुर होती. तिचं भांडण चालूच होतं, आणि याने हत्यारांची जड पिशवी बसस्टॉपपर्यंत तिच्या डोक्यावर धरली. वर पिशवीतले पाने-स्क्रूड्रायव्हर खुळखुळत होते. मेल्याने भांडायचीसुद्धा सोय ठेवली नाही! त्या दिवसापासून ती स्वतःवरच चिडलेली होती.

शेवटच्या आठवड्यात तिने भिंत पाडली. तिथे एक बाक ठेवला, बाकावर चष्म्यातला मुलगा, आणि शेजारची जागा रिकामी. तोंडाने सांगणं तिला जमणार नव्हतं. हा तर डावीकडे जाणारच होता.

शेवटचा दिवस आला. तो बसला आणि त्याने बटण दाबलं... उजवीकडचं.

एक खड्डा गेला, दुसरा गेला. आज तिला त्रास द्यायचा नाही, असं ठरवून आला होता शहाणा! झेंडा दिसायला लागला. तिथे गेम संपणार, क्लासही संपणार, आणि हा आपल्या लिफ्टा दुरुस्त करायला निघून जाणार. बाई मागेच उभ्या होत्या. तिने ओठ घट्ट मिटून धरले. मग मात्र राहवलं नाही.

"डावीकडे जा ना रे, गाढवा!"

सगळा क्लास वळून बघायला लागला.

"गेम बाद," बाई म्हणाल्या.

"करा बाद!" तिच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं होतं.

त्याने मुलीला मागे वळवलं आणि पार सुरुवातीच्याही पलीकडे नेलं. बाक दिसला. त्याची बोटं थांबली, कान लालबुंद झाले.

"हा... मी?"

"नाही, माझा डेंटिस्ट!"

त्याने मुलीला अलगद त्या मुलाशेजारी बसवलं. मग खुर्चीतल्या खुर्चीत सरकून त्याने थोडी जागा केली.

"बस," तो हळूच म्हणाला. "रागावूनच बस... पण बस."