काच कार्यशाळा सुरू आहे

"मी बंद नाहीये," दारात उभा असलेला माणूस म्हणाला.

ती मान वर न करताच म्हणाली, "तक्रारी खालच्या मजल्यावर. डावीकडचं दुसरं दार."

"तिथूनच आलो. ते म्हणाले, बातमी त्यांची, त्यांनाच निस्तरू दे."

आता मात्र तिने मान वर केली. उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी. चेहऱ्यावर राग नव्हता... असलाच तर तीन आठवडे शिळा झालेला.

विद्यापीठाचं साप्ताहिक वार्तापत्र ती एकहाती काढायची. दर मंगळवारी अकराच्या ठोक्याला ते ईमेलने नऊ हजार लोकांना जायचं. व्याख्यानं, परीक्षा अर्जाच्या तारखा, ग्रंथालयाच्या वेळा, कुठल्या इमारतीची लिफ्ट बंद... सगळं त्यात. म्हणून लोक तिला 'मंगळवारवाली' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं.

"तीन आठवडे तुम्ही छापताय की काच कार्यशाळा दुरुस्तीसाठी बंद आहे," तो म्हणाला. "ती एक दिवस बंद होती. धूर ओढणारा पंखा बदलला, विषय संपला. तेव्हापासून मी रोज उघडून बसतोय."

तिने मागचे अंक उघडले. खरंच होतं! नवा अंक करताना ती मागच्याच अंकाची नक्कल घ्यायची आणि जुन्या सूचना पुसून नव्या भरायची. ही सूचना अगदी तळाशी, लिफ्टच्या खाली होती. तीन मंगळवार तिच्यावरून नजर सरकली होती. नऊ हजारांपैकी ज्यांना प्रयोगासाठी काचेची उपकरणं लागतात तेवढ्यांनीच ती वाचली, आणि मुकाट्याने विश्वास ठेवला.

"मग पहिल्याच आठवड्यात का नाही आलात?"

"पहिल्या आठवड्यात वाटलं, बरं झालं, शांतता आहे. दुसऱ्यात वाटलं, लोकांना माझा कंटाळा आला. तिसऱ्यात म्हटलं, आपण खरंच बंद आहोत का ते एकदा विचारून यावं."

ती हसली. हसायचं नव्हतं, चूक तिची होती, पण हसली.

"माफ करा हो. दुरुस्ती छापते. तुम्ही नेमकं काय करता ते चार ओळींत सांगाल?"

"चार ओळींत नाही मावणार. तळघरात या, दाखवतो."

"सगळ्यांनाच असं बोलावता?"

"तीन आठवडे माणूस दिसलेलं नाही. आता जो दिसेल त्याला बोलावतो."

ती दुसऱ्याच दिवशी गेली. अचूक माहिती हवी ना, असं तिने स्वतःला बजावलं होतं. रसायनशास्त्राच्या इमारतीखालचं ते तळघर. छताजवळ दोन बुटक्या खिडक्या, आणि त्यांतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसायचे. मधल्या टेबलावर निळी ज्योत. त्याने तिला गुलाबी काचांचा चष्मा दिला, स्वतः एक घातला, आणि काचेची नळी ज्योतीवर धरून दोन्ही हातांनी फिरवायला लागला. नळी लाल झाली, मऊ पडली. त्याने हलकेच फुंकर घातली आणि नळीच्या मधोमध एक गोळा फुगत गेला, गोल, स्वच्छ. काच फिरत होती तोवर तो एक शब्द बोलला नाही. तिला ते फार आवडलं. तिचा अख्खा दिवस आधी बोलून मग विचार करणाऱ्यांत जायचा.

दुरुस्ती छापली गेली. पुढच्या गुरुवारी ती लोक येतात का ते बघायला गेली. त्याच्या पुढच्या गुरुवारी, किती लोक आले ते विचारायला. तिसऱ्या गुरुवारी काही कारणच सुचेना, तेव्हा एक फुटलेला पेला घेऊन गेली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तिचं वय नव्हतं, पण लपवत होती.

"तुमचे बूट ओळखतो आता मी," तो पेल्याची कड निरखत म्हणाला. "करडे. डावी नाडी कायम सैल."

"मग दार उघडायला का येत नाही?"

"हातात काच असते."

"नेहमी?"

"नेहमी नाही... पण दार उघडायला धावलो तर तुम्हाला कळेल ना, वाट बघत होतो ते."

तिने नाडी बांधायला म्हणून जी मान खाली घातली, ती बराच वेळ वर केलीच नाही.

दीडेक महिना असाच गेला, आणि मग सत्राच्या शेवटच्या सोमवारी कुलसचिवांच्या कार्यालयातून उद्यासाठी एक सूचना आली. सत्रात चाळिसापेक्षा कमी कामं आलेल्या सेवा बंद करण्यात येत आहेत. काच कार्यशाळा: एकतीस कामं. कारागिराची दुसऱ्या शहरातल्या शाखेत बदली, पुढच्या महिन्यापासून.

ते शहर रेल्वेने आठ तासांवर होतं. आठवड्याला त्याच्याकडे तीन-चार कामं यायची. तीन रिकाम्या आठवड्यांत किती बुडाली याचा हिशेब करायला तिला कागद लागला नाही. त्याला आपणच हाकललं होतं.

आलेली सूचना अंक निघेपर्यंत कुणाला सांगायची नाही, हा नियम तिने सहा वर्षं पाळला होता. सुट्ट्यांची यादीसुद्धा आईला मंगळवारीच कळायची. त्यात तिची नोकरी कराराची, आणि महिनाअखेरीला करारावर सही करणार होते हेच कुलसचिव.

तिने खुर्ची मागे सरकवली आणि थेट तळघर गाठलं.

"तुमची बदली होतेय," ती धापा टाकत म्हणाली. "उद्या छापायचंय. माझ्यामुळे झालंय सगळं."

त्याने ज्योत बारीक केली. "माहितीये."

"काय माहितीये?"

"चाळिसाचा नियम. आकडा माझ्याच वहीतला आहे की."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही वाईट वाटून येत राहिला असता," तो म्हणाला. "मला तशा नको होतात. तुम्ही... आपणहून आलेल्या हव्या होतात."

तिला राग आला, आणि त्या रागाखाली बरंही वाटलं. "शहाणेच आहात! चूक तर पहिल्याच आठवड्यात सुधारून झाली होती. पुढचे गुरुवार मी कशाला येत होते मग? पेला दुरुस्त करायला?"

तो काही बोलायच्या आत ती जिन्याला लागलीसुद्धा.

कुलसचिवांच्या कार्यालयाकडे जाताना वाटेत तिने आईला फोन केला. आई निवृत्त शिक्षिका. सल्ला तयार होता. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझी चूक कुणाच्या ध्यानात तरी आलीये का?"

"माझ्या आलीये, आई."

"मग जा. आणि केस नीट कर आधी."

कुलसचिवांनी तिन्ही अंक समोर ठेवून सावकाश वाचले. मग चष्मा काढला. "तुमचा करार माझ्याच टेबलावर आहे, ठाऊक आहे ना?"

"आहे, सर."

"तरी आलात?"

"चूक माझी आणि बदली त्यांची, हे बरं दिसत नाही."

"नियम बदलणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही तीन आठवडे बुडवलेत, मी तीन आठवडे मुदत वाढवतो. नऊ कामं आली तर कार्यशाळा राहील, नाहीतर उद्याची सूचना तेव्हा छापा. आणि तुमचा करार वर्षाचा नाही, सहा महिन्यांचा होईल. चूक ती चूक."

"चालेल," ती म्हणाली. बाहेर आल्यावर मात्र ती पायरीवरच बसली.

मंगळवारच्या अंकात सगळ्यात वर तिने लिहिलं: काच कार्यशाळा बंद असल्याचे या वार्तापत्राने तीन आठवडे चुकून छापले. ती सुरू होती. त्या चुकीमुळे आता ती कायमची बंद होण्याची वेळ आली आहे. प्रयोगशाळेतले काचेचे काही मोडले असेल, तर कृपया तीन आठवड्यांच्या आत घेऊन या. खाली सहा वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतःचं नाव घातलं.

गुरुवारी ती गेली, तेव्हा तळघराच्या जिन्यात रांग होती. कुणाच्या हातात मान तुटलेला चंबू, कुणाच्या हातात तडा गेलेली नळी. एक विद्यार्थी आजोबांचा चष्मा घेऊन आला होता, त्याला बाकीचे समजावत होते. ती मुकाट्याने रांगेच्या शेवटी उभी राहिली. पाऊण तासाने टेबलापाशी पोचली. तो वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांसाठी एक वळणदार नळी करत होता, आणि प्राध्यापक शेजारी श्वास रोखून उभे होते.

"तुमचं काय मोडलंय?" त्याने वर न बघता विचारलं.

"काही नाही."

त्याने चटकन वर बघितलं. "मग रांगेत कशाला?"

"मला तुम्ही आवडता, हे सांगायला," ती म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. "सोमवारीच सांगणार होते. पण तेव्हा तुम्ही जायला निघाला होतात... आणि निघालेल्या माणसाला असं सांगणं म्हणजे त्याची वाट अडवणं."

त्याचे हात थांबले. ज्योतीवरची नळी हळूच वाकली, आणि भलतीकडेच लोंबली.

"अहो, नळी!" प्राध्यापक ओरडले.

"गेली," तो म्हणाला, तिच्याकडेच बघत. "आणि ते चाळिसावं काम होतं."

"म्हणजे मी पुन्हा...?"

"पुन्हा," तो म्हणाला, आणि हसायला लागला. तीही. प्राध्यापक तेवढे हसले नाहीत.

त्याने नवी नळी घेतली. "इथंच उभी राहा. हलू नकोस. हे झालं की उत्तर देतो."

"आत्ताच दे."

"आत्ता बोललो तर हीपण जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय, बाई!" प्राध्यापक कळवळले.

ती उभी राहिली. अख्खी रांग उभी राहिली. नळी फिरत राहिली, लाल झाली, वळली, पुन्हा वळली. त्याने ती गार व्हायला जाळीवर ठेवली, वही ओढून चाळीसचा आकडा घातला, ज्योत बंद केली आणि चष्मा काढला.

"हो," तो म्हणाला. "तुझ्या दारात भांडायला आलो होतो ना, त्या दिवसापासून हो."