सोलरवर पसरलेला सदरा

टँकर आला म्हणून वॉचमन कडूबा गच्चीवरची टाकी बघायला गेला. दाराची कडी जिन्याच्या बाजूनं लावलेली होती. ती काढून त्यानं दार ढकललं आणि तिथंच थबकला.

सोलर पॅनलच्या रांगेखाली डोकं खुपसून वैजनाथराव पडले होते. अंगात नुसता बनियन. त्यांचा सदरा एका पॅनलवर पसरलेला, बाह्या खालच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधलेल्या.

इन्स्पेक्टर नीरजा आली तेव्हा ऊन उतरलं होतं, तरी गच्ची बुटातून पायाला चटके देत होती. २०१९चा मे महिना. पाऊस दोन वर्षं दगा देत होता आणि बीड बायपासच्या कडेला इमारती मात्र उगवतच होत्या. शेजारच्या प्लॉटवर सकाळपासून बोअरचं मशीन धडधडत होतं. वैजनाथरावांनी हाका मारल्या असतील, तर त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

डॉक्टरांनी उष्माघात सांगितला.

सोसायटीचा सेक्रेटरी शंतनू गच्चीखालच्याच मजल्यावर राहायचा. त्याच्या मते सगळं सरळ होतं. म्हातारा माणूस, उन्हात गेला, चक्कर आली.

"कडी कुणी लावली?" नीरजानं विचारलं.

"कडूबानं. माकडं येतात म्हणून तो येता-जाता लावतो."

"तुम्ही आज वर गेला होता?"

"नाही. सकाळी सोसायटीची मीटिंग, मग घरी जेवण, मग झोप. गच्चीकडं फिरकलोसुद्धा नाही."

कडूबाला विचारलं तर तो नाकबूल झाला नाही. "लावतो म्या कडी, व्हय. पण आज सकाळपासून खालीच व्हतो. खुर्च्या मांडल्या, चहा दिला, मंग गेटवर." रहिवाशांनीही तेच सांगितलं.

वैजनाथरावांच्या पत्नी भानुमतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पतीचा मोबाइल घरीच चार्जिंगला राहिला होता, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ते दुपारी आले नाहीत, तेव्हा मीटिंग लांबली असेल असं त्यांना वाटलं. वैजनाथराव विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले. सोलरचं बिल पाहिल्यापासून अस्वस्थ होते. कंत्राटदारानं सगळ्या रकमेवर अठरा टक्के कर लावला होता, आणि शेवटचा हप्ता आजच्या मीटिंगमध्ये मंजूर व्हायचा होता.

"मग किती लागतो?"

"ते म्हणायचे, जानेवारीपासून नियम स्पष्ट झालाय. किमतीचे दहा वाटे धरले तर सात वाटे सामान, त्यावर पाच टक्के. तीन वाटे बसवायचं काम, त्यावर अठरा. शंतनू सगळ्यांना सांगायचा, दर दिल्लीत ठरतो, आपल्या हातात काय आहे. आज हे तेच बोलणार होते."

कंत्राटदार मंदार पाचोडला दुसऱ्या कामावर होता. दिवसभर तिथंच होता, हे तिथल्या लोकांनी फोनवर सांगितलं. तो येऊन पोचला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बिलाबद्दल तो चाचरला. विजेबद्दल मात्र मोकळेपणानं बोलला. कुठल्या सोसायटीत किती वीज तयार होते ते त्याला मोबाइलवर दिसायचं. भर दुपारी इथली वीज अचानक घसरली, म्हणून त्यानं लगेच शंतनूला फोन केला होता.

"काय म्हणाला तो?"

"वर जाऊन बघून आलो म्हणाले. धूळ बसलीय, उद्या पुसून घेऊ, कुणाला पाठवू नका."

नीरजानं त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. मग सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं.

"वैजनाथरावांनी सदरा वाऱ्यावर उडू नये असा बांधला," ती म्हणाली. "सावलीसाठी असता तर डोक्यावर घेतला असता. त्यांनी पॅनल झाकलं. एक झाकलं तरी सगळ्या रांगेची वीज पडते. वीज कमी झाली की कुणीतरी बघायला येईल, एवढी एकच हाक त्यांच्याजवळ उरली होती. ती पाचोडपर्यंत पोचली. तिथून शंतनूच्या फोनवर आली."

शंतनू खाली बघत होता.

"मंदारला तुम्ही सांगितलं, वर जाऊन आलो. मला सांगितलं, फिरकलो नाही. वर गेला असता, तर सदरा आणि माणूस दोन्ही दिसले असते. गेला नाहीत, तर धूळ कुठून आणली? वर कोण आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच कुणाला पाठवू नका म्हणालात. कडी लावणारालाच ते ठाऊक असणार."

मग मंदार म्हणाला, जास्तीच्या करातला अर्धा वाटा शंतनू सरांचा होता.

शंतनूला रडू फुटलं. आधी वर सामान मोजून घेऊ, मग बोला, असं म्हणून त्यानंच त्यांना गच्चीवर नेलं होतं. फक्त मीटिंग होईपर्यंत कोंडायचं होतं. "नंतर उघडणारच होतो. पण उघडलं असतं तर ते सगळ्यांना सांगत सुटले असते. जेवून बघू म्हटलं. मग फोन आला..."

"मग झोपलात," नीरजा म्हणाली.

खून करणारे नीरजानं पाहिले होते, रागानं आंधळे झालेले, दारूत बुडालेले. वर माणूस भाजतोय हे माहीत असताना जेवून कूलरसमोर आडवा झालेला हा पहिलाच.

शंतनू आणि मंदार दोघांना गाडीत बसवलं. जिन्यावर रहिवासी दाटले होते. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ पुढं झाले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मग तो जास्तीचा कर आम्हाला परत मिळेल ना?"

उत्तर मागून आलं. भानुमतीबाई दारात उभ्या होत्या.

"मिळेल. अर्ज कसा करायचा ते त्यांना विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "सकाळी मीटिंगमध्ये ते दिसले नाहीत. तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं का, वैजनाथराव कुठं आहेत म्हणून?"

गृहस्थ मागं सरकले. स्ट्रेचर खाली येत होतं, आणि त्याला वाट द्यायला सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले.