वत्सलेचा धागा

केशर धर्मापुरीला आली ती तंबोरा करवून घ्यायला. तंबोरा म्हणजे काही बाजारातून उचलून आणायची वस्तू नव्हे. गाणाऱ्याचा गळा ऐकून भोपळा निवडायचा, हात पाहून दांडी कापायची, मग लाकूड, रंग, नक्षी, खुंट्या, एकेक गोष्ट कारागिरासमोर बसून ठरवायची. त्या मुलखात असं काम करणारं घर एकच होतं, जुन्या देवळामागचं गहिनीनाथ सुताराचं. गावात केशरची आत्या जानकीबाई राहत होती, म्हणून मुक्कामाचीही अडचण नव्हती.

घाई मात्र होती. बीडला मुलींची नवी शाळा निघाली होती आणि तिथं गाणं शिकवायला बाई हवी होती. पौषात पंचांसमोर गाऊन दाखवायचं. पसंत पडली तर नोकरी, नाही तर वैशाखात लग्न, असं केशरच्या वडिलांनी, मोहनरावांनी, ठरवून टाकलं होतं. मोगलाईतल्या मुलीनं पुण्याला जाऊन दोन वर्षं कॉलेज केलं, हेच त्यांच्या परळीत पुष्कळ झालं होतं. त्यात केशर जात्याच भित्री. मागून कुणी हाक मारली तरी तिच्या हातातलं भांडं पडायचं.

एकटीनं गायची तिला सवय नव्हती. सवय होती ती थोरल्या बहिणीच्या, वत्सलेच्या, मागे बसायची. वत्सलेचा आवाज खालचा, भरदार. ती पुढे बसून गायची आणि केशर मागे तंबोरा छेडत आपला उंच गळा दाबून दाबून ताईच्या पट्टीत बसवायची. मानमोडीच्या तापाच्या साथीत वत्सला आठ दिवसांत गेली. त्याला आता तीन वर्षं होत आली होती. या तीन वर्षांत केशरला स्वतःचा षड्ज सापडला होता. ताईपेक्षा चांगला अडीच सूर वर. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती, कारण तो कशामुळे सापडला ते तिला ठाऊक होतं.

परळीहून निघताना आईनं देवघरातल्या डबीतून एक गाठी मारलेला धागा काढून तिच्या हातात ठेवला. वत्सलेनं आजारी पडायच्या आधी गहिनीनाथाच्याच घरी तंबोरा सांगितला होता, त्याचं हे माप. तुम्ही दोघी एका उंचीच्या, परक्या पुरुषाच्या हातून खांद्यापासून माप घेववण्यापेक्षा हाच दे, असं आई म्हणाली. केशरला ते बरंच वाटलं.

पहिल्या दिवशी आत्या बरोबर होती. कारखाना म्हणजे एक लांबट, अंधारी पडवी. आढ्याला वाळलेले कडू भोपळे टांगलेले, खाली तुणीच्या लाकडाचा भुसा, कोपऱ्यातल्या शेगडीवर सरस शिजत असलेला. लाखेचा आणि सरसाचा वास इतका दाट की जिभेवर चव यावी. भिंतीवर खुंट्यांची रांग होती आणि प्रत्येक खुंटीला एकेक धागा.

गहिनीनाथाला लिहिता येत नव्हतं. त्याच्या घरात मागणी धाग्यावर ठेवायची रीत होती. खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत धाग्याचं माप घ्यायचं, मग त्यावर गाठी. पहिली भोपळ्याची, दुसरी लाकडाची, तिसरी रंगाची, चौथी नक्षीची. तसाच दुसरा धागा करून गिऱ्हाईकाला द्यायचा. तंबोरा घरी गेला की दोन्ही धागे शेगडीत जाळायचे. मागणी मोडली तरी जाळायचेच. धागा राहिला म्हणजे काम राहिलं.

केशरनं आईनं दिलेला धागा पुढे केला. गहिनीनाथानं तो बोटांवर घेतला आणि त्याचा चेहरा बदलला. एक गाठ तो अंगठ्यानं चाचपत राहिला.

"ही तर माझ्या बाची गाठ," तो म्हणाला. "बा मानमोडीच्या साथीत गेला. तुमी आदी येऊन गेलत्या?"

खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगितलं तर हा उठून माप घेणार, आणि पडवीत दोन-तीन माणसं बसलेली. केशरच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"हो," ती म्हणाली.

"मापाचं माणूस तुमीच न्हवं? न्हाई, इचारावं लागतं. आमी हयात माणसाच्याच मापाचं काम करतो."

केशरनं मान हलवली. आत्या शेजारच्या बाईशी बोलत होती, तिचं लक्ष नव्हतं.

मग निवड सुरू झाली आणि केशर भीती विसरली. गहिनीनाथ एकेक भोपळा तिच्यापुढे धरायचा आणि त्याच्या तोंडाशी 'सा' लावायला सांगायचा. ज्या भोपळ्याला तो सूर मानवेल तो आतून गुणगुणतो. तीन भोपळे मुके राहिले. आत्या म्हणाली, जरा मोठ्यानं गं, भोपळा काय तुला खातोय. चौथा, लहानसा, उंच मानेचा भोपळा केशरच्या हातात थरथरला, जसा काही आत एखादा भुंगा जागा झाला. तिला हसू आलं. तोच तिनं घेतला. लाकूड तुणीचं, हलकं. रंग मधासारखा, आतल्या रेषा दिसतील असा. नक्षी नको, कडेनं हाडाची एक पांढरी बारीक रेघ पुरे.

"मग हे?" गहिनीनाथानं जुन्या धाग्यावरच्या गाठी मोजल्या. "यात मोठा भोपळा हाय. रंग काळपट लाल. मोराची जोडी."

"ते नको," केशर म्हणाली. "मी आता सांगितलं तेच करा."

त्यानं त्याच मापाचा नवा धागा केला आणि शेजारच्या खुंटीला अडकवला. जुना मात्र त्यानं जाळला नाही. बाची गाठ होती, त्याच्या हातून जाळवेना. त्यानं तो भिंतीवर अजून लटकत असलेल्या त्याच्या जोडीच्या धाग्याजवळ टांगला.

पाचव्या दिवशी दोघी काम बघायला गेल्या तेव्हा पडवीत दोन भोपळे कापून ठेवलेले होते. एक लहान. दुसरा भला मोठा, घागरीएवढा.

केशरनं विचारलं, हा कुणाचा. गहिनीनाथ गोंधळून तिच्याकडे बघायला लागला. म्हणाला, परवा दुपारी तुम्हीच तर येऊन सांगून गेलात. मोठा पण करा म्हणालात, रंग गडद लाल, अन् मोरांच्या चोची एकमेकांकडे नकोत, पाठीला पाठ असू द्या.

जानकीबाईनं कपाळाला हात लावला. परवा दुपारी ही माझ्याजवळ झोपली होती, एकाचे दोन गळ्यात मारायचा हा चांगला धंदा काढलास रे, असं तिनं त्याला ऐकवलं. गहिनीनाथाची बायको छबुबाई चुलीजवळून उठून आली. ती थट्टेखोर बाई, पण त्या वेळी हसत नव्हती.

"आत्याबाई, म्या सवता पायलं. ह्याच हुत्या. उंबऱ्याच्या आत आल्या न्हाईत. पानी दिलं तर घेतलं न्हाई." मग केशरकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली, "तुमचा आवाज लई बसल्याला हुता त्या दिशी. आता कसा हाय?"

मोठ्याचं काम थांबवायला सांगायचंही केशरकडून राहून गेलं. मोरांची गोष्ट तिच्या मनात रुतून बसली होती. लहानपणी दोघींचं भांडण झालं की वत्सला पाटीवर दोन मोर काढायची, पाठीला पाठ लावलेले. ते घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आत्याचे गुडघे धरले. केशर एकटीच निघाली. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. देवळाच्या काळ्या दगडांवरून ऊन परतत होतं. पडवीच्या दाराशी ती पोचली आणि थांबली. आत कुणीतरी 'सा' लावला होता. खालचा, भरदार, न हलणारा. श्वास घ्यायलाही तो थांबत नव्हता.

गहिनीनाथ जेवायला गेला असावा. पडवीत कुणी नव्हतं. मोठा तंबोरा भिंतीला टेकून उभा होता, रंग लावलेला, अजून तार नाही, खुंटी नाही. आवाज त्यातून येत होता. आणि लाखेच्या, सरसाच्या वासाखाली आणखी एक वास... नीलगिरीचा. आजारात ताईच्या छातीला जे तेल चोळत होते, त्याचा.

केशरला पळायचं होतं. पण तिनं दाराची चौकट धरली. तिनं डोळे मिटले आणि आपला 'सा' लावला, उंच, स्वतःचा, जेवढा जोर होता तेवढा लावून. क्षणभर दोन्ही सूर एकमेकांवर घासले. मग खालचा सूर सावकाश, जड पावलानं, तिच्या सुरापाशी येऊ लागला... आणि तो वर येत नव्हता. तिचाच सूर खाली ओढला जात होता.

"अक्का?"

मागे गहिनीनाथ उभा होता, हात ओले. आवाज थांबला. केशर उंबऱ्यातच बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. धागा कुणाचा, माप कुणाचं, आणि ते माणूस तीन वर्षांपूर्वी गेलेलं.

तो ओले हात धोतराला पुसत ऐकत राहिला. मग खुंटीपाशी गेला आणि तिथंच थबकला. जुना धागा आणि केशरचा नवा धागा टोकाला टोक लावून एकत्र बांधलेले होते.

"कुणी जोडी सांगितली की आमी दोन धागे असे बांधतो," तो म्हणाला. "एक पुढं बसनाऱ्याचा, एक मागं बसनाऱ्याचा. पण ही गाठ माझी न्हाई... बाची बी न्हाई."

त्यानं ती सोडायचा प्रयत्न केला. नखं लावली, दात लावले. गाठ सुटली नाही, आणि धागा कापायची रीत त्यांच्यात नव्हती. शेवटी त्यानं केशरला विचारलं. जाळायचे तर दोन्ही एकदम जाळावे लागतील. म्हणजे दोन्ही कामं मोडली. लहान तंबोराही मग त्याच्या हातून पुरा व्हायचा नाही, आणि बीडची तारीख तर पंधरा दिवसांवर आलेली.

शेगडीत निखारे होते. गहिनीनाथ धागे धरून तिच्या तोंडाकडे बघत होता. केशरला वैशाख दिसत होता, आणि हातात थरथरलेला तो लहान भोपळा आठवत होता.

"होऊ द्या जोडी," ती म्हणाली. "मोठा मी नेणार नाही. त्याला तारा लावू नका."

गहिनीनाथानं धागे परत खुंटीला टांगले.

लहान तंबोरा फार सुरेख झाला. मधाचा रंग, कडेला पांढरी रेघ, बोट लावलं की सगळी पडवी उजळल्यासारखी वाटावी. तो कापडी गवसणीत घालताना केशरची नजर मोठ्या तंबोऱ्यावर गेली. ठरल्याप्रमाणे तार नव्हती. पाठीला पाठ लावलेले मोर होते. पण दांडीवर, बसणाऱ्याचा अंगठा टेकतो तिथं, लाल रोगण झिजून लाकूड उघडं पडलं होतं, वर्षानुवर्षं वाजवलेल्या वाद्यावर पडतं तसं. रोगण कधी लावलं, असं तिनं विचारलं. कालच, गहिनीनाथ म्हणाला, आणि त्यानं त्या बाजूला बघायचं टाळलं.

बीडला ती गायली. सतरंजीवर एकटी बसली, स्वतःच तंबोरा छेडला, स्वतःच्या षड्जात गायली. मोहनराव बाहेर ओसरीवर होते. पहिला सूर लागला आणि सगळी भीती कुठं गेली ते तिला कळलं नाही. मागे वळून बघायची एकदाही गरज वाटली नाही.

दहा दिवसांनी पत्र आलं. मोहनरावांनी ते आईला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. केशरचं गाणं पंचांना पसंत पडलं होतं, माघात कामावर रुजू व्हायचं होतं. पुढे हेडमास्तरीणबाईंनी लिहिलं होतं: 'आपल्या मागे बसून मोठा तंबोरा धरणाऱ्या आपल्या भगिनींचेही सर्वांनी कौतुक केले. त्या कोणाशी बोलल्या नाहीत, त्यामुळे त्यांचे नाव विचारायचे राहून गेले. दोघींसाठी मिळून एक खोली मोकळी करून ठेवली आहे.'

मोहनरावांनी कागद उलटून पाहिला. दुसऱ्या कुणाच्या पत्रातला मजकूर यात आला असेल, असं ते म्हणाले. आई उठली, माळ्यावरची वत्सलेची गोधडी काढली आणि झटकली.

"मग वळकट्या दोन बांधायला हव्यात," ती म्हणाली.

निघायच्या सकाळी केशरनं तंबोरा आपल्या षड्जावर नीट लावला, दोनदा तपासला, गवसणीची नाडी बांधली. गाडीत ती पुढे बसली. मागे तंबोरा आणि दोन वळकट्या. धोंडीराम गाडीवान बैलांशी काहीबाही बोलत होता. वेशीबाहेर चाक खड्ड्यात गेलं, गाडी हादरली, आणि गवसणीतल्या चारही तारा झणकारल्या.

वाजल्या त्या अडीच सूर खाली.

केशरनं मागे पाहिलं नाही. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. पण मिटल्या ओठांआड तिचा गळा, तिला न विचारता, हळूहळू खाली उतरू लागला.